हार्ड डिस्कला तेल

लॅपटॉपसाठी हार्ड डिस्क कुठल्या कंपनीची घेऊ, असं चाळीतलं कोणी ना कोणी मला सारखं विचारत असतं. ही बाई दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसते, म्हणजे हिला माहीत असणार, असा त्यांचा हिशेब. अरे बाबांनो, मला माहीत असतं तर माझ्या कपाटात मेलेल्या डिस्कांनी भरलेला बुटांचा खोका कशाला असता? माझं काम डीटीपीचं. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, बाराव्याची कार्डं. लालबागच्या आमच्या खोलीत खिडकीशी एक टेबल आहे, त्यावर लॅपटॉप, आणि त्या टेबलावर आजवर एवढ्या डिस्का गेल्या की मी त्यांचं सुतक पाळणं सोडून दिलं.

कंपन्यांची नावं घेत नाही. आमच्या घरात कोणी ती घेतच नसे, लेबलाच्या रंगावरून सगळं चालायचं. हिरवी, निळी आणि पांढरी. हिरवी स्वस्त, थंड, शांत. कसली कुरकूर नाही, आणि एके दिवशी सकाळी उघडावं तर गेलेली. निळी धावायला चपळ, पण तापायची आणि आवाज करायची. तिचं एक मात्र बरं होतं, जायच्या आधी महिनाभर कुरबुर करून सांगायची की बाई गं, मी चालले. पांढरी सगळ्यांत महाग. तिच्या खोक्यावर भलीमोठी गॅरंटी छापलेली असायची आणि दुकानदार ती बोटाने दाखवायचा.

त्या गॅरंटीचं मला कोणी आधी समजावलं असतं तर बरं झालं असतं. डिस्क गेली की कंपनी नवी डिस्क देते. देते, नाही म्हणत नाही. पण आतलं? आतलं तुमचं तुम्ही बघा. एकदा मी काउंटरवर इतकी भांडले की मागच्या रांगेतला माणूस मला पाणी द्यायला लागला.

या सगळ्यात माझ्याहून जास्त रस होता तो माझ्या बाबांना. बाबा मिलमध्ये लागले ते तेलवाले म्हणून. कुठल्या यंत्राला कुठे, कधी, किती तेल द्यायचं, हे त्यांचं पहिलं काम. पुढे ते साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवायला लागले, पण तेलाची बाटली काही त्यांच्या डोक्यातून गेली नाही. मग संप झाला. तो कधी मिटला हे आमच्याकडे अजून कोणी नक्की सांगू शकत नाही, कारण तो मिटलाच नाही, नुसता विरला. बाबा नंतर मस्जिद बंदरच्या गोदामात होते, मग गिरगावात एका बिल्डिंगीत लिफ्टवर. लिफ्टला ते यंत्र मानायचेच नाहीत. म्हणायचे, "बटणाचा काम. हाताक काय कळणार त्यात?"

पंखा-मिक्सर सोडले तर संपानंतर आमच्या घरात फिरणारी अशी पहिली वस्तू आली ती ही हार्ड डिस्क. मी एकदा त्यांना सहज सांगितलं, की बाबा, या डबीच्या आत एक चकती असते आणि ती गरागरा फिरते. बस्स. त्या दिवसापासून घरात नवी डिस्क आली की आधी ती त्यांच्या हातात द्यायची. साचेखात्यात उभं राहून त्यांचे कान अर्धे गेले होते, दारावरची कडी त्यांना ऐकू येत नसे. पण चालू डिस्क तळहातावर घेऊन, मग कानामागच्या हाडाला टेकवून ते डोळे मिटायचे आणि निकाल सांगायचे. "ही बरी आसा." किंवा, "हिची चाल एकसारखी नाय." मी चिडवायचे, "बाबा, नाडी बघताय का?" ते चिडायचे नाहीत. त्यांचा निकाल बऱ्याचदा चुकायचा, हेही सांगून टाकते. हिरवीला ते शेवटपर्यंत चांगली म्हणत राहिले, आणि माझ्या खोक्यात सगळ्यांत जास्त हिरव्याच आहेत.

आता त्या रेकॉर्डिंगचं सांगायला हवं. सगळं महाभारत त्याच्यावरूनच झालं.

आमच्या चाळीत शनिवारी भजन असायचं. पेटीवर बसायचे आमच्याच मजल्यावरचे एक काका. मी त्यांना पेटीकाकाच म्हणायचे. आवाज काय लावायचे! खालच्या चौकात खेळणारी मुलं थांबायची. बाबा त्यांच्या मागे झांजेवर असायचे आणि पाठ धरायचे, म्हणजे काका ओळ म्हणणार आणि बाबा ती उचलून बाकीच्यांना देणार. ऐकणाऱ्याला वाटावं, काय यांचं मेतकूट! आणि खरं म्हणजे हे दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलत नसत.

दोघं मालवणकडचे, शेजारशेजारच्या गावचे. मुंबईत आले ते एकाच खोलीत राहिले, एकाच खानावळीत जेवले, एकाच खात्यात लागले. दोघांचे साचे समोरासमोर. त्या खडखडाटात बोललेलं काही ऐकू येत नसे, म्हणून सगळे हाताच्या खुणांनी बोलत. चहाला चल, मुकादम म्हणजे जॉबर येतोय, पोरगी झाली, सगळ्याला खूण होती. मग संप आला. सुरुवातीला दोघं बरोबर मोर्च्याला गेले. बरेच महिने गेले, घरातली भांडी विकून झाली, आणि एके दिवशी मिलचं गेट पोलिसांच्या पहाऱ्यात उघडलं. बाबा गेटाच्या बाहेर उभे होते. पेटीकाका मान खाली घालून आत गेले.

त्या दिवसापासून बोलणं बंद. काकांची नोकरीही फार टिकली नाही, मिलच बंद पडली. बाबांच्या लेखी त्याचा काही संबंध नव्हता. आमची चाळ चौकाच्या चारी बाजूंनी आहे, आतल्या बाजूने गॅलरी फिरते. बाबा नळावर जायला कायम उलट्या बाजूने लांबचा फेरा घालायचे, काकांचं दार लागू नये म्हणून. आणि शनिवारी मात्र दोघं मांडीला मांडी लावून भजनाला! "भजन देवाचा," असं बाबांचं म्हणणं. काही सांगायचंच असलं तर तिसऱ्याला सांगायचे. "पेटीवाल्यांना म्हणावं, सूर खाली घ्या." पेटीवाले हातभर अंतरावर! ते सूर खाली घ्यायचे, आणि हळू घ्यायचं असलं की साचेखात्यातली खूण करायचे. बाबाही ताल धरायचे. मी एकदा म्हटलं, बाबा, हे बोलणंच झालं की. तर माझ्यावरच डाफरले, "ता बोलणा नाय, तो ताल."

एका शनिवारी मी माईक ठेवून ते सगळं भजन लॅपटॉपवर रेकॉर्ड केलं. सहज, कसलाही विचार न करता. काकांच्या मुलाने तेव्हा नुकताच लॅपटॉप घेतला होता, त्याने मागितलं म्हणून पेन ड्राइव्हवरून त्यालाही दिलं. मंडळातल्या लोकांनी एकदा ऐकलं, वा वा केलं आणि विसरून गेले.

पुढे काका गेले. अचानक नाही, परळच्या हॉस्पिटलात बरेच दिवस होते. बाबा एकदाही गेले नाहीत. मी म्हटलं, जाऊन तरी या. भिंतीकडे तोंड करून झोपून राहिले. काका गेले त्या दिवशी खांदा द्यायला मात्र सगळ्यांत पुढे. पण त्यांच्या खोलीचा उंबरा काही ओलांडला नाही, गॅलरीतच उभे राहिले.

महिना गेला असेल. मी काम आटोपून उठत होते तर बाबा जवळ आले आणि म्हणाले, "ता भजन आसा मा तुझ्याकडे?" मी माझा जुना लॅपटॉप त्यांना देऊन टाकला, हेडफोन दिला, बटण कुठलं दाबायचं ते शिकवलं. तेव्हापासून दर शनिवारी दुपारी जेवण झालं की बाबा हेडफोन लावून बसायचे. आवाज पूर्ण मोठा. मला टेबलाशी बसल्या जागी हेडफोनातून काकांचा बारीक आवाज यायचा, आणि बाबांची बोटं मांडीवर झांज धरायची. डोळे पुसताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. पण तोंडावर जे काही असायचं, ते बघून मी मान वळवायचे. मला माझ्या बापाची फार दया यायची. जिवंतपणी ज्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं, त्याला आता हा माणूस यंत्रात शोधत बसला होता.

जुन्या लॅपटॉपात होती हिरवी. तिच्यावर माझा विश्वास कधीच नव्हता, म्हणून मी दुसरी प्रत पांढरीवर ठेवली होती, ती महागातली, गॅरंटीवाली. ती गणपतीत गेली. लालबागमध्ये गणपतीत काय होतं ते सांगायला नको. खिडकीखाली ढोल आणि कर्णे, टेबलावरचा पाण्याचा पेला आपोआप सरकत होता. त्या हादऱ्यात पांढरी चालू होती. तिने एकदा किंकाळल्यासारखं केलं आणि संपली. कंपनीने नवी दिली. कोरी.

आणि दसऱ्याच्या आधी, बघा योग कसा असतो, हिरवीतून आवाज यायला लागला. टक. टक. टक. जी हिरवी कधी तोंड उघडत नाही ती!

मी ग्रँट रोडच्या बाजाराला धावले. तीन दुकानं केली. पहिला म्हणाला, "मॅडम, नवीन घेताय तर डोळे झाकून निळी घ्या." दुसरा म्हणाला, "निळी? कोणी सांगितलं? आठवड्याला दोन परत येतात माझ्याकडे, पांढरी घ्या." तिसऱ्याने तर कमालच केली. म्हणाला, "लेबल वेगळं हो, आतून सगळ्या सारख्याच, आपल्या नशिबावर आहे." असला संताप आला मला! नशीबच बघायचं तर तुझ्याकडे कशाला येऊ, देवळात जाईन ना. शेवटी वरच्या मजल्यावर एक डेटा काढून देणारा भेटला. तो शांत माणूस होता. म्हणाला, टक टक करते म्हणजे वाचणारी सुई चकतीवर नीट बसत नाही. अजून वाचेल. फक्त ती आता अजिबात चालू करू नका, आणि दसरा झाला की घेऊन या, चार दिवस दुकान बंद आहे.

घरी येऊन मी बाबांना अगदी बजावलं. "चालू करायचा नाही. हात लावायचा नाही. दसरा झाला की मी नेते." ते म्हणाले, "आवाज ऐकलंय मी. सुकी चलता ती." मी म्हटलं, "बाबा, तो साचा नाही." ते म्हणाले, "फिरता ना?" मी म्हटलं, "फिरते, पण." त्या 'पण'च्या पुढचं त्यांना ऐकू आलं नसावं.

खंडेनवमीला मी दादरला फुलं आणायला गेले. आमच्याकडे ही पूजा मोठी. मिल चालू होती तेव्हा त्या दिवशी यंत्रं धुऊनपुसून, तेलपाणी करून, हळदकुंकू वाहून, झेंडूचे हार घालून ठेवत. बायकापोरांना आत घेत, नारळ फुटत. मिल गेली, पण बाबा दर खंडेनवमीला घरातलं होतं नव्हतं ते काढून पुसायचे. शिवणाचं मशीन, पंखा, मिक्सर, माझा लॅपटॉप. हळदकुंकवाचं बोट लावायचे. मी कीबोर्डवर कापड टाकून ठेवायचे, एवढीच माझी दक्षता.

फुलं घेऊन आले तर पाटावर सगळी यंत्रं मांडलेली. आणि मधोमध, लॅपटॉपातून बाहेर काढलेली हिरवी डिस्क. वर कुंकवाचा टिळा, झेंडूची पाकळी. शेजारी शिवणाच्या मशीनच्या तेलाची बाटली.

"बाबा, हे काय केलंत?"

"तेल दिलंय," ते म्हणाले. चेहरा असा फुललेला. किती वर्षांनी मी त्यांना तसं बघितलं! "वायच एक थेंब. मधल्या चातीक."

कपाळ माझं! त्या डिस्कचे स्क्रू चांदणीच्या आकाराचे असतात, घरातल्या पेचकसाने निघत नाहीत. म्हाताऱ्याने जुना पेचकस कानशीने घासून घासून तसं टोक काढलं होतं. एक स्क्रू लेबलाखाली लपवलेला असतो, भल्याभल्यांना सापडत नाही. तो यांनी बोटाने चाचपून शोधला. झाकण उघडलं, आतली आरशासारखी चकती बघून खूश झाले, काडीच्या टोकावर तेलाचा थेंब घेऊन बरोबर मध्यभागी सोडला, झाकण लावलं आणि माझ्या वायरीला जोडून चालू केली. थेंब फिरत फिरत सगळ्या चकतीवर पसरला. डिस्क जराशी घरघरली आणि गप्प झाली. बाबांना वाटलं, आवाज गेला म्हणजे बरी झाली.

मी किती बोलले त्यांना. फुलांची पिशवी तशीच खाली टाकली आणि बोलत सुटले. अडाणीपणा म्हटलं, आगाऊपणा म्हटलं, हात लावू नका म्हणून सांगितलं होतं ना म्हटलं. शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली.  बाबांनी डिस्क उचलली, कानामागच्या हाडाला लावली आणि बराच वेळ धरून ठेवली. मग खाली ठेवली.

"गेलो?" त्यांनी विचारलं. गेली असं नाही. गेलो, म्हणजे तो गेला.

माझा राग तिथल्या तिथे उतरला. मी फुलं गोळा करायला लागले.

दसऱ्यानंतर मी ती डबी त्या शांत माणसाकडे नेली, एक आशा म्हणून. त्याने उघडली, आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "तेल?" मी म्हटलं, "वडील मिलमध्ये होते." तो हसला नाही, याबद्दल मी त्याला अजून दुवा देते. चकतीवर आता काही उरलेलं नाही, एवढंच त्याने सांगितलं आणि डबी कागदात गुंडाळून परत दिली.

त्यानंतरचा शनिवार आला. बाबा जेवले आणि नुसते बसून राहिले. संध्याकाळी भजनालाही गेले नाहीत. मंडळातले बोलवायला आले तर अंग दुखतंय म्हणाले. पुढच्या शनिवारी तेच. खाणं उतरलं. मी डॉक्टरकडे चला म्हटलं तर हात झटकला. मला कळत होतं काय झालंय ते. काका एकदा गेले तेव्हा निदान पुढे शनिवार होते. आता तेही यांनी स्वतःच्या हाताने, पूजा करून, तेल घालून संपवले होते. ज्या हातांवर त्यांचा सगळा भरवसा होता, त्या हातांनी.

दुसरी प्रत होती. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं कुठे आहे ते. काकांच्या मुलाच्या जुन्या लॅपटॉपात. तो लग्न करून कल्याणला गेला होता, नवीन लॅपटॉप घेतला होता आणि जुना आईकडे ठेवून गेला होता. गॅलरीतून वळसा घालून पलीकडे, चार दारं सोडून. मी बाबांना म्हटलं, "मी आणते काकींकडून. दोन मिनिटांचं काम."

"नको."

"अहो पण का?"

"तू नको जाव. मागूचा तर मी मागूक व्हया." 

मीही मग हट्टाला पेटले. नाही ना जाऊ देत, बसा. पण मला ते बघवत नव्हतं, रोज म्हणायचे, बाबा, जाताय ना? शेवटी एका शनिवारी दुपारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. केस विंचरले. पायात चपला घातल्या. आमच्याकडे गॅलरीत फिरताना कोणी चपला घालत नाही, सगळे अनवाणीच इकडून तिकडे जातात. बाबा मात्र परगावी पाहुणे जावेत तसे चपला घालून निघाले. मला म्हणाले, "तू पण चल. माका बटणा समाजणत नाय."

काकी दार उघडं टाकून तांदूळ निवडत बसल्या होत्या. काकी माहेरच्या गिरगावातल्या, बोलणं अगदी नीट, सावकाश. बाबांना दारात बघून त्यांचं सूप हातातच राहिलं. त्यांच्याशी बाबांचं कधी वाकडं नव्हतं. नळावर, जिन्यात भेटल्या की "वहिनी, बऱ्या ना?" हे कायम. पण संपानंतर या उंबऱ्यावर बाबा कधी आले नव्हते.

"या, भावजी," त्या म्हणाल्या.

बाबा चपला बाहेर काढून आत आले. पण बसले नाहीत. उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं, काही लपवलं नाही. दर शनिवारी ऐकायचो, बिघडली, पोरगी नको म्हणत होती तरी मी उघडली, तेल घातलं, गेली. "तुमच्याकडे आसा असा हिचा म्हणणा. ऐकूक मिळात तर बघा." आणि मान खाली. गेटातून आत जाताना काकांची मान होती म्हणतात, तशीच.

काकी उठल्या, कपाटातून लॅपटॉप काढला, माझ्या हातात दिला. मग खाली बसल्या आणि म्हणाल्या, "भावजी, तुम्ही माझ्याशी कशाला बोलत राहिलात?"

बाबांना कळलं नाही. मलाही नाही.

"ह्यांना मी धाडलं होतं कामावर. ते जात नव्हते. मुलगा अंगावरचा, तापाने फणफणलेला, घरात दुधाचा थेंब नाही. मी ह्यांच्या पायावर डोकं ठेवलं. म्हटलं, जा, नाहीतर ह्याला घेऊन मी विहिरीत जाते. गेले मग. आणि तुम्ही त्यांच्याशी बोलणं टाकलंत, आणि मला जिन्यात विचारत राहिलात, वहिनी, बऱ्या ना? मी काय सांगायचं? दर वेळी घरात येऊन रडायचे मी. ह्यांना म्हणायचे, सांगा ना त्यांना, मी धाडलं म्हणून. हे म्हणायचे, बायकोच्या आड लपू?"

 खालून कुकरची शिट्टी आली.

"तेव्हा सांगूचा होता, वहिनी," बाबा म्हणाले. 

"तुम्ही ऐकलं असतंत?"

बाबांनी विचार केला. खरंच केला, मी बघत होते. "नाय," ते म्हणाले. "ऐकला नसता." आणि मग ते खाली बसले. लहान मुलासारखे रडायला लागले माझे बाबा, तोंडावर पंजे धरून. काकीही रडत होत्या. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन दोघांच्या मध्ये बसले होते. काय करू कळेना, म्हणून मी भजन लावलं.

त्या लॅपटॉपचा आवाज फुटका होता, हेडफोन नव्हता. काकांनी पहिली ओळ घेतली, आणि ती घेता घेताच बाबांचा गळा आपोआप उघडला. रेकॉर्डिंगमधले बाबा आणि खोलीतले बाबा एकदमच पाठ धरायला लागले. सूर कसला, नुसता रडका आवाज. काकी भिंतीला टेकून ऐकत राहिल्या. एका ठिकाणी काकांची गती उतरली, तर बाबांचा हात आपणहून वर आला, हळू घ्यायला काका करायचे ती साचेखात्यातली खूण.

संपल्यावर मी पिशवीतून नवीन डिस्क काढली. निळी घेतली होती मी, बराच अभ्यास करून. म्हटलं, आता कॉपी करून घेते, मग बाबा घरी आरामात ऐकतील.

"कॉपी नको," बाबा म्हणाले.

"नको म्हणजे?"

"हयच रवांदे. मी येत जाईन ऐकूक. वहिनींका चालत असात तर."

काकी म्हणाल्या, "चालेल."

माझं डोकं परत फिरलं. जगात एकच प्रत, तीही कुठल्या डिस्कवर? मी स्क्रीनवर कंपनी बघितली होती. हिरवी! ज्या कंपनीवर माझा काडीचा विश्वास नाही तिची, इतक्या वर्षांची जुनी हिरवी. मी गॅलरीत आल्यावर बाबांशी वाद घातला. ते म्हणाले, "चाल एकसारखी आसा. मी हात लावून बघितलंय."

दुसऱ्या दिवशी बाबा खाली पेपर वाचायला गेले तशी मी काकींकडे गेले. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी लॅपटॉप पुढे केला. "कर गं तुझी कॉपी. त्यांना नको सांगू." मी एक निळीवर केली आणि एक पांढरीवर, दोन्ही कपाटात साड्यांच्या मागे ठेवल्या. ढोलांपासून लांब.

मग दर शनिवारी दुपारी बाबा जायचे. इस्त्रीचा शर्ट हळूहळू सुटला, चपला बरेच दिवस राहिल्या. संध्याकाळच्या भजनालाही परत जायला लागले. नळावर जाताना उलटा फेरा घालायचं त्यांनी कधी सोडलं ते माझ्या लक्षातही आलं नाही.

आणि पुढच्या पावसाळ्यात ती हिरवी गेली. जाणारच होती. काकींनीच मला सांगितलं, की शनिवारी बटण दाबलं आणि काळा पडदा.  मी घरी आले, साड्यांच्या मागून दोन्ही डिस्का काढल्या, तारखा बघितल्या, चालू करून बघितल्या. दोन्ही ठणठणीत. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठल्या तरी कंपनीच्या पुढे होते.

"बाबा," मी म्हटलं, "घाबरू नका. माझ्याकडे कॉपी आहे. दोन आहेत."

मला वाटलं, रागावतील. नाही तर हात पुढे करून डिस्क मागतील. त्यांनी नुसतं बघितलं. म्हणाले, "माका म्हायत आसा. तू काय गप बसणारी नाय."

"मग देऊ लावून?"

"आसांदे. खराब होवची नाय ना?"

"नाही."

"मग आसांदे."

त्या शनिवारी जेवण झाल्यावर ते उठले. मी विचारलं, "आता कुठे? ते मशीन तर बंद आहे."

"येतंय बसान."

तासाभराने आले. मी विचारलं, काय केलंत एवढा वेळ? म्हणाले, "कायएक नाय. बसलंय. चाय घेतली." पुढच्या शनिवारी तेच, त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. कधी काकी गिरगावातलं काही सांगत, कधी बाबा साचेखात्यातलं, ते आणि काका पंचवीस वर्षांचे असतानाचं. माझ्या दोन्ही डिस्का कपाटात आहेत. सहा महिन्यांनी एकदा मी त्या चालवून बघते आणि परत ठेवून देते. कोणती चांगली म्हणून कोणी विचारलं तर सांगते, दोन घ्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या घ्या.

एका शनिवारी कुरिअरवाला आला, बाबांची सही हवी होती. मी हाक मारायला गॅलरीत आले. पलीकडून काकींचं हसणं ऐकू येत होतं. बाबा तिकडेच होते, पण सवयीने मी दाराशी खाली बघितलं, तर त्यांच्या चपला आमच्याच दारात होत्या. अनवाणीच गेले होते.